‘लहान मुलांना काय कळतंय?’ भेदभाव मुलं बालवाडीतच कशी शिकतात आणि समानता तिथेच कशी शिकवता येते?

“मुलगा असून रडतोस?”

“मुलीच्या जातीनं असं बसू नये.”

“त्याच्या डब्यातलं खाऊ नकोस हं.”

“त्या मुलांच्यात कशाला जातेस? आपल्या मैत्रिणींबरोबर खेळ.”

ही वाक्यं घरात, शाळेच्या फाटकापाशी, सोसायटीच्या बागेत रोज कानावर पडतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट असतंच असं नाही. आणि कुणी टोकलंच तर उत्तर ठरलेलं असतं : “अहो, लहान आहे तो. त्याला काय कळतंय!”

खरं तर त्याला बरंच काही कळत असतं. आपल्याकडे समता, बंधुता हे शब्द मुलांना भेटतात ते प्रार्थनेत, प्रतिज्ञेत किंवा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात. पण तोवर कोण आपलं, कोण परकं, कुणी काय काम करायचं, कोण हुशार असतं, याबद्दल मुलांची मतं बरीचशी तयार झालेली असतात. ती तयार होतात तीन ते सहा या वयात, म्हणजे बालवाडी आणि अंगणवाडीच्या वयात.

मग या वयात समानता शिकवता येते का? येते. पण ती धडा देऊन शिकवता येत नाही. ती वर्गाच्या रोजच्या मांडणीतून शिकवावी लागते. कशी, ते समजून घेऊ.

मुलांना फरक कधीपासून कळतो?

आपण समजतो त्यापेक्षा खूप आधी.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवजात बाळांना आणि तीन महिन्यांच्या बाळांना वेगवेगळ्या वंशांच्या माणसांचे चेहरे दाखवले गेले. नवजात बाळांना सगळे चेहरे सारखेच होते. पण गोऱ्या कुटुंबांत वाढणारी तीन महिन्यांची बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती. २००७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की दहा महिन्यांची बाळं आपल्या घरची भाषा बोलणाऱ्या माणसाच्या हातून खेळणं घेणं जास्त पसंत करतात.

याचा अर्थ बाळं भेदभाव करतात असा मुळीच नाही. रोज दिसतं, रोज ऐकू येतं ते जवळचं वाटतं, इतकंच. अडचण पुढे सुरू होते. या फरकांना मोठी माणसं काय किंमत देतात, हे मुलं बघायला लागतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली ‘बाहुल्यांची चाचणी’. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या हुबेहूब सारख्या होत्या, फरक फक्त रंगाचा. यातली छान बाहुली कुठली, वाईट दिसणारी कुठली, असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली छान आणि तपकिरी बाहुली वाईट ठरवली. ही मुलं स्वतः कृष्णवर्णीय होती. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला गेला.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मुलांना एका “खूप खूप हुशार” माणसाची गोष्ट सांगितली आणि तो माणूस चित्रातला कोण असेल, असं विचारलं. पाच वर्षांच्या मुलांनी पुरुष निवडले, तर पाच वर्षांच्या मुलींनी बायका. पण सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये बाईकडे बोट दाखवण्याचं प्रमाण घसरलं. “हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे” असं सांगितल्यावर त्या खेळात या मुलींचा रसही कमी झाला.

पाच आणि सहा या दोन वाढदिवसांच्या मध्ये हे घडतं. आपल्या हिशेबानं सांगायचं तर मोठ्या शिशुतून पहिलीत जाताना.

पण हे मुलांना शिकवतं कोण?

“मुली कमी हुशार असतात” असं कुठलीही बालवाडीताई वर्गात सांगत नाही. तरी मुलं ते शिकतात. कसं, हे टी-शर्टच्या एका प्रयोगातून छान कळतं.

मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना काही आठवडे लाल आणि निळे टी-शर्ट घालायला दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाचा उल्लेखच केला नाही. बाकीच्या वर्गांत मात्र रंग रोजच्या कामात वापरला. लाल मुलांनी इकडे रांग करा, निळ्या मुलांनी तिकडे बसा, असं. लाल चांगले किंवा निळे वाईट, असं कुणीही म्हटलं नाही.

आपलाच गट बरा वाटणं हे थोडंफार दोन्हीकडे दिसलं. पण जिथे शिक्षकांनी रंगावरून मुलांची विभागणी केली होती, तिथे ते जास्त पक्कं झालं.

२०१० च्या आणखी एका अभ्यासात टी-शर्टऐवजी मुलगा-मुलगी हाच भेद घेतला. अमेरिकेतल्या काही बालवर्गांत दोन आठवडे शिक्षकांनी मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी, “मुलांनो, तुम्ही हे करा, मुलींनो, तुम्ही ते करा” अशी भाषा मुद्दाम वापरली. दोन आठवड्यांतच त्या मुलांमध्ये “हे मुलींचं काम, हे मुलग्यांचं काम” अशा कल्पना वाढल्या आणि मुलं-मुली एकमेकांशी कमी खेळू लागली.

म्हणजे वाईट बोलायचीही गरज नाही. मोठी माणसं ज्या फरकावरून रोज विभागणी करतात, तो फरक महत्त्वाचा असणार, असं मूल धरून चालतं. मग तो महत्त्वाचा का, याचं कारण ते स्वतःच शोधतं. आणि ते कारण पुरवायला घर, शेजार, टीव्ही आणि मोबाइल तयारच असतात.

आपल्या वर्गांत ही विभागणी कुठे दिसते?

जरा बारकाईनं बघितलं तर ठिकठिकाणी.

झाडायला, सांडलेलं पुसायला मुलगी उठते. सतरंजी आणि टेबल उचलायला मुलगा. भातुकलीच्या कोपऱ्यात मुली, ठोकळे आणि गाड्यांच्या कोपऱ्यात मुलगे. स्नेहसंमेलनात परी आणि राणी गोरी मुलगी होते, राक्षस सावळ्या मुलाच्या वाट्याला येतो. पुढच्या बस्करावर स्वच्छ गणवेशातली, चटकन उत्तर देणारी मुलं, आणि मागे भिंतीशी गप्प बसणारी. गप्प मूल अनेकदा मठ्ठ नसतं. ताई बोलतात ती प्रमाण मराठी त्याच्या घरची भाषा नसते, एवढंच कारण असतं. डब्यात कुणाच्या काय आहे, यावरून नाकं मुरडली जातात आणि ताई “तू जरा बाजूला बसून खा” म्हणून वेळ मारून नेतात.

यातल्या एकेका गोष्टीला भेदभाव म्हणायला जीभ रेटत नाही. पण तीन वर्षं, रोज तीन-चार तास हेच बघितल्यावर मुलाचा नकाशा तयार होतो : मी कुठे बसायचं, कुणी पुढे जायचं, कुणाशी बोलायचं.

‘अंगणवाडी’ या शब्दातच उत्तर आहे

बालवयात समानता हा काही परदेशातून आलेला नवा विषय नाही. महाराष्ट्रात त्यावर फार मोठं काम झालेलं आहे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. तेव्हाची बालमंदिरं मुख्यतः शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या मुलांसाठी होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधनं महाग होती. खेड्यातल्या, दलित आणि आदिवासी वस्त्यांतल्या मुलांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तिथे त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे शेवटपर्यंत त्याच कामात राहिल्या.

बालवाडी सुरू झाली, तरी वंचित वस्त्यांतली मुलं तिथवर येत नव्हती. “पालकांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही” असं म्हणून विषय संपवता आला असता. ताराबाईंनी उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. ती झाली अंगणवाडी. जी मुलं गुरांमागे कुरणात जायची, त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा.

पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये वाढलं. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे ही तिथली शिकायची साधनं झाली. वारली मुलाला आपल्या अंगणातली वस्तू शाळेत ‘शिकण्याची वस्तू’ म्हणून भेटली. आपलं घर आणि आपलं जगणं शाळेच्या लायकीचं आहे, हा संदेश त्यातून कुठलंही भाषण न देता पोहोचत होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज तो ऐकला की खाऊ, वजनकाटा आणि लसीकरण आठवतं. पण जे मूल बाहेर राहतं त्याच्यासाठी शाळेनं आपली मांडणी बदलायची, हा त्या शब्दामागचा विचार आहे.

‘विविधता दिन’ साजरा केला की झालं का?

बऱ्याच शाळांत वर्षातून एकदा वेशभूषा स्पर्धा होते. कुणी कोळीण होतं, कुणी पंजाबी, कुणी डोक्याला पिसं आणि कमरेला पानं बांधून ‘आदिवासी’. टाळ्या वाजतात, फोटो ग्रुपवर जातात.

हेतू चांगला असतो. पण शहरातलं मूल यातून शिकतं ते असं, की आदिवासी म्हणजे पानं गुंडाळून नाचणारी माणसं. त्याच्याच वयाचं वारली किंवा कातकरी मूल गणवेश घालून, दप्तर घेऊन शाळेत जातं आणि त्याचीही आई सकाळी घाईत डबा भरते, हे त्याला कळतच नाही. आपल्या वर्गातल्या सफाई कामगाराच्या किंवा ऊसतोड मजुराच्या मुलाबद्दल तर तो दिवस काहीच सांगत नाही.

विविधता एका दिवसापुरती आली की ती गंमत ठरते. रोजच्या गोष्टीत, चित्रात, गाण्यात, डब्यात आली की ती नेहमीची गोष्ट ठरते. लहान मुलांसाठी ‘नेहमीचं’ म्हणजेच ‘बरोबर’.

पाठ्यपुस्तकं इथे मदत करू शकतात. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडतायत, असं चित्र आलं आणि त्याची बरीच चर्चा झाली. २०२४ मध्ये केरळच्या तिसरीच्या पुस्तकातले बाबा स्वयंपाकघरात नारळ खवताना दिसले. चित्र साधंच. पण मुलगा ते बघून “आमच्या घरी का नाही?” असं विचारतो, तेव्हा काम सुरू झालेलं असतं.

वर्गात नेमकं काय बदलायचं?

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

• रांग : मुलगा-मुलगी अशी रांग बंद. त्याऐवजी “ज्यांच्या नावात ‘र’ आहे ते आधी”, “ज्यांचा वाढदिवस पावसाळ्यात आहे ते आधी”. गट रोज बदलतात, त्यामुळे कुठलाच गट पक्का होत नाही.

• कामं : झाडणं, पाणी भरणं, सतरंजी घालणं, ताटल्या वाटणं यांची चिठ्ठी किंवा पाळी. प्रत्येक मुलाला प्रत्येक काम.

• जागा : बसायची जागा आणि जेवायचा जोडीदार दर आठवड्याला बदलायचा.

• खेळाचे कोपरे : भातुकली आणि ठोकळे शेजारी ठेवायचे. ठोकळ्यांचं घर आणि त्यात भातुकली, असा एकच खेळ झाला की मुलं-मुली आपोआप एकत्र येतात.

• नाव : प्रत्येक मुलाचं नाव नीट उच्चारायचं. अवघड वाटलं तर पालकांना विचारायचं. नावावर विनोद नाही, आडनावावरून अंदाज नाही.

• भाषा : गोंडी, कोरकू, पावरी, अहिराणी, उर्दू, हिंदी, जी घरची असेल तिच्यातली गाणी आणि शब्द वर्गात यायला हवेत. “पाण्याला तुमच्या घरी काय म्हणतात?” हा एक प्रश्न गप्प बसणाऱ्या मुलाला त्या दिवसापुरता शिक्षक करतो. “अशुद्ध बोलू नकोस” म्हटलं की तेच मूल पुन्हा गप्प होतं.

• गोष्टी : गोष्टीत ड्रायव्हर बाई असू दे, नर्स पुरुष असू दे, चाकाच्या खुर्चीतली मुलगी साहस करू दे. आणि तिचं अपंगत्व हा गोष्टीचा विषय नसू दे.

• शब्द : “माझ्या राजा मुला” आणि “किती गोड दिसतेस” यांच्याऐवजी “तू हे कसं जमवलंस?”. मुलग्यांच्या ताकदीचं आणि मुलींच्या दिसण्याचं कौतुक ही सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडते.

मुलानं अवघड प्रश्न विचारला तर?

बसमध्ये चार वर्षांची मुलगी मोठ्यानं विचारते, “आई, ती काकू एवढी काळी का?” आई लाजते, “श्श!” करते. मुलीनं नुसता प्रश्न विचारलेला असतो. ‘श्श’मुळे ती शिकते, की काळं असणं ही लाजिरवाणी, न बोलायची गोष्ट आहे.

त्याऐवजी साधं उत्तर पुरतं : “माणसांचे रंग वेगवेगळे असतात. तुझा आणि बाबांचा पण वेगळा आहे, बघ.”

“त्या दादाला चालता का येत नाही?” याला “बिचारा” हे उत्तर नाही. “त्याचे पाय वेगळे आहेत, म्हणून तो खुर्चीवरून फिरतो. जिना असला की त्याला अडचण होते” हे उत्तर आहे. अडचण जिन्यात आहे, हे चार वर्षांच्या मुलाला सहज कळतं.

“आजी त्या मावशींना वेगळा कप का देते?” हा प्रश्न सगळ्यात अवघड. इथे खोटं कारण देण्यापेक्षा “तसं करणं बरोबर नाही. आपण सगळ्यांना सारखाच कप द्यायचा” हे सांगणं आणि त्या दिवसापासून खरंच सारखा कप देणं, एवढंच करता येतं. जातीचा इतिहास मूल मोठं झाल्यावर शिकेल. अन्याय मात्र त्याला आत्ताच कळतो. खाऊ कमी-जास्त वाटला तर तीन वर्षांचं मूलसुद्धा “त्याला जास्त का?” म्हणतं.

वेगवेगळ्या घरांतली मुलं एका वर्गात बसली तर खरंच फरक पडतो?

यावर भारतातलाच पुरावा आहे. २००७ साली दिल्लीत सरकारी सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखून ठेवणं भाग पडलं. त्यामुळे एकाच शाळेत काही वर्गांत गरीब मुलं होती आणि त्यांच्या वरच्या वर्गांत नव्हती. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी या दोन्हींची तुलना केली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, स्वयंसेवेच्या कामात जास्त पुढे आली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, जोरात धावणारा गरीब मुलगा की हळू धावणारा श्रीमंत, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी गरीब म्हणून कमी वेळा नाकारलं. “अभ्यासाचं काय?” तर हिंदी आणि गणितात फरक पडला नाही, इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर नियम तिथूनच लागू होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

या वादात बहुतेक चर्चा गरीब मुलाला चांगली शाळा मिळेल का, यावरच झाली. ती व्हायलाच हवी. पण दिल्लीचा अभ्यास दुसरी बाजूही दाखवतो. बाकीच्या ७५ टक्के मुलांनाही यातून काहीतरी मिळतं, आणि ते फी भरून विकत मिळत नाही.

अर्थात मुलं नुसती एका छताखाली आणून भागत नाही. २५ टक्क्यांतली मुलं वेगळ्या तुकडीत, वेगळ्या बाकांवर बसवली, तर तो टी-शर्टचाच प्रयोग झाला, फक्त टी-शर्टशिवाय.

“पण मुलांच्या डोक्यात हे आत्तापासून कशाला घालायचं?”

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. चार वर्षांच्या मुलाला जात, धर्म, लिंगभेद यांवर व्याख्यान देऊ नये. वरच्या यादीत असं व्याख्यान कुठेही नाही.

पण “आम्ही घरात हा विषयच काढत नाही” यानं मुलाची पाटी कोरी राहत नाही. मोठी माणसं गप्प बसली, तरी वेगळा कप दिसतो, रांग दिसते, नाक मुरडलेलं दिसतं. मूल दिसेल त्यावरून शिकतं.

त्यामुळे जून महिन्यात बालवाडीत प्रवेश घेताना फी, बस आणि इंग्रजी यांच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारून बघायला हरकत नाही : मुलांच्या रांगा कशावरून करता? वर्गातली कामं कोण करतं? आणि ज्या मुलाला मराठी किंवा इंग्रजी येत नाही, ते पहिल्या आठवड्यात कुणाशेजारी बसतं?

या तीन प्रश्नांना शाळेकडे नेमकी उत्तरं असतील, तर तिथे समानता शिकवली जाते, भिंतीवर तसं लिहिलेलं नसलं तरी.